बांधापलीकडची तार

एल्विन लिरेट वीज-आयोगाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा पहिला हशा पिकला तो लारीव्हच्या बेकरीत. सकाळची गर्दी होती. कोळंबीच्या पेट्या पोचवून रेमंड व्हर्डिन कॉफी प्यायला टेकला होता. एल्विन दारातून आत शिरला तसा रेमंड सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या, या उमेदवार! आजवर माणसं पुरली, तेवढ्यानं हौस फिटली नाही. आता म्हणे तारा पुरणार!"

एल्विननं टोपी काढली. "इथं माणसंसुद्धा पुरता येत नाहीत रे, तारा कुठल्या? दोन हात खणलं की पाणी लागतं."

"मग मत कशासाठी मागतोस?"

"खांबांसाठी," एल्विन म्हणाला. त्यावर लोक आणखीच हसले. तोही हसला. तसा तो हसून घेणारा माणूस होता.

लारीव्हमध्ये लिरेटांचं अंत्यविधीगृह कुणाला विचारावं लागत नसे. एल्विनच्या चुलत्यानं ते उभं केलं आणि चुलत्यामागून ते एल्विनकडे आलं. त्याचा जन्म मात्र लारीव्हचा नव्हता. तो पॉइंट सीप्रेचा. बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठाकाठानं रस्ता जिथं संपतो, आखाताचं पाणी अडवणारा मातीचा बांधही ज्याच्या अलीकडेच संपतो, ते पॉइंट सीप्रे. रेमंड तिथलाच, एल्विनच्या बरोबरीचा. दोघं एकाच होडीत जाळं ओढायला शिकले, आणि शिकवणारा होता क्लोविस डुप्लांटी. क्लोविस म्हणजे एल्विनच्या इर्मा मावशीचा नवरा आणि त्याचा धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या दिवशी एल्विनला हातात धरलं ते क्लोविसनं. पुढे एल्विनचा बाप समुद्रावरून परत आला नाही, तेव्हा पोराचं बोट धरलं तेही त्यानंच.

एल्विनचा धंदा असा, की तोंडात मिठास हवी पण खोटं चालत नाही. तरुणपणी एका बाईचा मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावरच्या आगीत गेला होता. "त्याचा चेहरा बघता येईल ना?" तिनं विचारलं. चुलत्यानं एल्विनकडे पाहिलं. एल्विन म्हणाला, "नाही बाई. पेटी बंद ठेवावी लागेल. पण त्याचा हात चांगला आहे, तो तुम्हाला धरता येईल." ती बाई तासभर तो हात धरून बसली. त्या दिवसापासून एल्विननं ठरवलं, दु:खात असलेल्या माणसाला 'बघू' म्हणायचं नाही. 'हो' असेल तर 'हो', 'नाही' असेल तर 'नाही', आणि 'नाही'नंतर जे काही देता येईल ते.

मग डोरीन वादळ आलं.

वाऱ्यानं छपरं नेली, होड्या रस्त्यावर आणून टाकल्या, पण माणसं फारशी नेली नाहीत. लोक आधीच निघून गेले होते, आणि वारा ओसरल्यावर परत आले. माणसं गेली ती त्यानंतर. वीज आणणारे मोठे खांब दलदलीत आडवे झाले होते आणि लाइट नव्हती. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना उलटला. उन्हाळ्याचं शेपूट अजून वळवळत होतं. घरात बसवेना आणि बाहेर सावली नाही, कारण झाडंच उरली नव्हती.

साऱ्या लारीव्हमध्ये गार अशी एकच जागा होती: एल्विनच्या अंत्यविधीगृहातली मागची खोली, जिथं मृतदेह ठेवत. तिचा जनरेटर मोठा होता. तिसऱ्या दिवशी एक तरुण आई दार वाजवत आली. तिच्या हातात सासूच्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. ओशाळून ती म्हणाली, "मिस्टर लिरेट, विचारू नये असं विचारते. तुमच्याकडे जरा... थंडाव्यात..."

"आण इकडे," एल्विन म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. कुणाचं औषध, कुणाच्या बाळाचं दूध. एल्विनची मुलगी डेनिस प्रत्येक बाटलीवर नाव चिकटवी. एका बाजूला पांढऱ्या चादरीखाली गावची माणसं आणि दुसऱ्या बाजूच्या फळीवर बाळांचं दूध. पाद्री पाहायला आले, दारातच थबकले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि परत गेले.

क्लोविसला त्याच खोलीत आणलं, ते वादळ सरून तीन आठवडे झाल्यावर. त्याची फुप्फुसं कधीच निकामी होत आली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, ते चालायला लाइट लागे. रेमंडनं आपल्या होडीवरचा जनरेटर इर्मा मावशीच्या घरी लावून दिला होता. पेट्रोल मिळेल तिथून तो आणत होता. एके दुपारी ते संपलं, रेमंड आणायला गेला, पंपावर तोबा गर्दी, आणि परतीच्या वाटेवर पूल बंद. तो पोचला तेव्हा क्लोविस व्हरांड्यातल्या खुर्चीत होता, डोकं एका बाजूला कललेलं, आणि इर्मा मावशी वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत होती. अजून घालत होती.

एल्विननं त्याला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, दाढी केली. त्याच्या तळहातावर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ होते, त्यांवरून अंगठा फिरवत तो बराच वेळ उभा राहिला. प्रार्थनेनंतर पाद्री सांत्वनाचं बोलले, "देवाघरची वेळ आली की कुणाला चुकत नाही, एल्विन."

एल्विन मोठ्यांना उलटून बोलणारा नव्हता. पण त्या दिवशी बोलला. "फादर, वेळ आली नव्हती. लाइट आली नव्हती."

त्या हिवाळ्यात वीज-आयोगाच्या सुनावणीला तो राजधानीत गेला. मागच्या बाकावर बसून ऐकून आला. पुन्हा गेला. राज्याचे पाच विभाग, प्रत्येकातून लोकांनी निवडलेला एक सदस्य, आणि वीज कुठून आणायची, खांब कसले रोवायचे, दर किती लावायचा, हे त्या पाचजणांनी ठरवायचं. तीन वेळा जाऊन आल्यावर जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "डेनिस, आपल्या विभागाची निवडणूक येतेय."

डेनिसनं भाताचा चमचा खाली ठेवला. "कोण उभं राहतंय?"

"आत्ताचे सदस्य मिस्टर प्रॅट आहेतच. दुसरं कुणी नाही."

"आणि तुम्हाला वाटतंय की दुसरं कुणी असावं."

"हो."

"आईला विचारलं असतं तर काय म्हणाली असती?"

एल्विनची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो म्हणाला, "म्हणाली असती, आधी तो भयाण कोट बदल."

असा तो उभा राहिला. ऊस तोडणाऱ्यांच्या वस्तीत, चर्चच्या जेवणावळीत, शाळांच्या व्यायामशाळेत तो बोलला. बोलणं संथ, आवाज खालच्या पट्टीतला. लोकांना पुढे वाकून ऐकावं लागे. गॅसवर वीज बनवणाऱ्या केंद्राच्या फाटकाशी कामगारांनी त्याला घेरलं. "तुम्ही आलात की आमच्या पोटावर पाय, असं ऐकतोय. खरं काय?"

"केंद्र बंद करा असं मी म्हणत नाही," एल्विन म्हणाला. "वादळात तुमचं केंद्र धडधडीत चालू होतं. तरी आम्ही अंधारात होतो. विहिरीत पाणी होतं, दोर तुटला होता. तुम्ही विहिरी कितीही खणा. मी दोराबद्दल बोलतोय."

सूर्याच्या विजेची मोठी शेतं उभारू पाहणारी तरुण मंडळी भेटायला आली. त्यांनाही त्यानं हेच सांगितलं: "तुमचं शेतही त्याच दोराला बांधलेलं. मला प्रत्येक गावात एक छप्पर हवंय, चर्चचं, नाहीतर शाळेचं, नाहीतर बंबवाल्यांचं, जिथं वरती पॅनेल आणि खाली बॅटरी असेल. बाहेरची तार पडली तरी तेवढी एक खोली गार राहील. आणि ज्याच्या घरात श्वासाचं मशीन आहे, त्याच्या घरी आधी." मोठ्या तारांसाठी लाकडाऐवजी पोलादी खांब, हे त्याचं दुसरं मागणं. "दर वाढेल का?" कुणीतरी हमखास विचारी. "थोडा वाढेल," तो म्हणे, आणि डेनिस मागच्या बाकावर कपाळाला हात लावी.

पण हळूहळू लोक ऐकू लागले. बेकरीतली थट्टा कमी झाली. रेमंडनं आपल्या होडीवर त्याच्या नावाचा फलक लावला. "पुरणाऱ्याला निवडा, निदान शेवट तरी चांगला होईल," असं तो धक्क्यावर ओरडून सांगे.

एक प्रश्न मात्र डेनिस सारखी टाळू पाहत होती: पॉइंट सीप्रेचा.

पॉइंट सीप्रेला जाणारी जाड तार पूर्वी जमिनीवरच्या खांबांवर होती. जमीन खचत गेली आणि खांब पाण्यात आले. डोरीननं ते सगळे पाडले. कंपनीनं घाईघाईनं एक बारीक तार ओढून दिली होती, तीही वारा सुटला की झोपे. जाड तार परत उभी करायची की नाही, याचा निर्णय आयोगाकडे येणार होता. प्रॅट साहेबांनी छापून वाटलं होतं: शेवटच्या घरापर्यंत तार.

"बाबा, तिथं गेल्यावर म्हणा, विचार चालू आहे," गाडीत डेनिसनं बजावलं. "एवढंच. खोटं नाही ना ते?"

एल्विन खिडकीबाहेर पाहत राहिला. दोन्ही बाजूंना पाणी आणि त्यात मेलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे उभे होते. लहानपणी या झाडांच्या सावलीत तो गुरं वळत असे.

चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. मोठ्या पातेल्यात कोळंबीचा रस्सा शिजत होता. इर्मा मावशी पुढच्या रांगेत, काळ्या पोशाखात, मांडीवर हात ठेवून. एल्विन वाकला, तिनं त्याच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली. "वाळलास," ती म्हणाली. "जेवून जा."

त्याचं बोलणं झालं, टाळ्या झाल्या. मग रेमंड उठला. आज तो थट्टेच्या सुरात नव्हता. "एल्व्या, बाकीचं सगळं पटलं. एकच सांग. आपली जाड तार परत येणार की नाही? हो की नाही?"

डेनिसनं बापाकडे पाहिलं. सभागृहात पातेल्याचं रटरटणं तेवढं ऐकू येत होतं.

"नाही," एल्विन म्हणाला. "माझ्या हातात असेल तर मी ती उभी करणार नाही."

तो पुढे बोलत राहिला. तार पाण्यात उभी केली तरी पुढच्या वादळात पडेल, आणि पुन्हा महिनाभर अंधार. त्यापेक्षा तोच खर्च इथल्या प्रत्येक घरावर करावा: पॅनेल, बॅटरी, दुरुस्तीला गावातलाच माणूस. "तार न ठेवता लाइट ठेवायची, असं मी म्हणतोय. आधी ते बसवायचं, ते चालतंय हे तुम्ही बघायचं, मगच बारीक तार काढायची. त्याआधी नाही."

"आधी असंच म्हणतात," रेमंड म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "शाळा नेली तेव्हा म्हणाले, बस देतो. दोन वर्षांनी बस बंद. पोस्ट नेलं तेव्हा म्हणाले, गाडी येईल. कुठाय गाडी? आज तार, उद्या रस्ता. तार म्हणजे नुसती लाइट नाही रे. तार आहे तोवर कुणीतरी आपल्याला मोजतंय."

एल्विनला हे समजत होतं. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, असंही त्याला वाटलं.

मग इर्मा मावशी बसल्या जागेवरूनच बोलली, अगदी हळू. "लाइट गेली म्हणून क्लोविस गेला. आणि तू, त्याच्या मांडीवर वाढलेला, मला सांगतोस की तार नको?"

"मावशी, तारच तर पडली होती..."

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली, आणि काठी घेऊन उठली. तिच्या मागोमाग बायका उठल्या. रस्सा कुणी वाढला नाही.

परतताना डेनिस रडवेली झाली होती. "एक शब्द, बाबा! 'बघू' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"त्यांनी माझ्यावर विसंबून घरांची डागडुजी केली असती," एल्विन म्हणाला. "वाट बघत बसली असती माणसं."

बातमी बांधाच्या अलीकडे पोचायला वेळ लागला नाही. 'स्वतःच्या गावाची तार तोडणारा' असं लोक म्हणू लागले. रेमंडच्या होडीवरचा फलक उतरला. मतदान शनिवारी झालं. एल्विन हरला. फार नव्हे, थोडक्यानं. पण पॉइंट सीप्रेत त्याला जवळजवळ कुणीच मत दिलं नव्हतं. त्यानं प्रॅट साहेबांना फोन करून अभिनंदन केलं, आणि दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेच्या अंत्ययात्रेत गाडीपुढे टोपी काढून चालला.

वसंतात जाड तारेचा विषय आयोगापुढे आला. एल्विन डेनिसला घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसला होता. रेमंडही आला होता, चार गावकऱ्यांना घेऊन, पुढच्या बाकावर. त्यानं एल्विनकडे पाहिलं नाही. अभियंत्यांचे अहवाल वाचून झाले. प्रॅट साहेबांची पाळी आली. त्यांनी चष्मा पुसला. ते वाईट माणूस नव्हते. फक्त अवघड गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आलेली त्यांना बरी वाटे.

"मी स्वतः या तारेच्या बाजूनं होतो," ते म्हणाले. "पण पॉइंट सीप्रेचेच सुपुत्र, ज्यांनी आपला माणूस तिथं गमावला, त्या मिस्टर लिरेट यांनीच जाहीर सांगितलं की ही तार उभी करू नये. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मी म्हणणार नाही."

तार नामंजूर झाली. पॅनेल आणि बॅटरीचं कुणी नावही काढलं नाही. तो विषय त्या दिवशीच्या कामातच नव्हता.

एल्विन जागेवरून उठला. त्याचं 'नाही' उचललं होतं आणि त्यापुढचं सगळं टाकून दिलं होतं. बाहेरच्या पायऱ्यांवर रेमंडनं त्याला गाठलं. मारतो की काय, असं डेनिसला वाटलं.

"ऐकलंस?" रेमंड म्हणाला. "त्या प्रॅटनं तुझी टोपी डोक्यावर चढवून आमचा गळा कापला."

"ऐकलं."

"आता काय करणार?"

"मावशीला सांगायला जातो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

रेमंड त्याच्याकडे पाहत राहिला. "चल," तो शेवटी म्हणाला, "मीपण येतो. एकट्याला दारातही उभं राहू द्यायची नाही ती."

दारात उभं राहू दिलं, पण दारातच, आणि बराच वेळ. एल्विननं सगळं सांगितलं, स्वतःचं नाव कसं घेतलं गेलं तेही. इर्मा मावशी जाळीच्या दाराआडून ऐकत होती. "मग," ती म्हणाली, "अर्धं झालं तुझ्या मनासारखं. उरलेलं अर्धं कोण करणार?" आणि तिनं आतलं दार लावून घेतलं.

उरलेलं अर्धं करण्यात एल्विनची पुढची वर्षं गेली. आयोगाच्या सुनावणीत सामान्य माणसाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. दर महिन्याला तो राजधानीला जाई आणि ती तीन मिनिटं बोलून येई. पुढेपुढे रेमंडही बोलू लागला; त्याला तीन मिनिटं पुरत नसत, अध्यक्षांना हातोडी आपटावी लागे. "मला मोजा!" असं एकदा तो ओरडला आणि सभागृहात कुणी हसलं नाही. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. काही घरांनी वाट न पाहता सामान हलवलं, बांधाच्या आत, लारीव्हकडे. एल्विन प्रत्येकाला हातभार लावायला गेला. काहींनी त्याला हात लावू दिला, काहींनी नाही. दुसऱ्या वर्षी प्रॅट साहेबांनी सुनावणीनंतर त्याला थांबवलं. "तुमचं नाव त्या दिवशी मी घेतलं," ते म्हणाले. "अर्धवट घेतलं."

"हो," एल्विन म्हणाला. 'असू द्या' असं तो म्हणाला नाही.

पुढच्या सुनावणीत तो विषय कामात आला, आणि मांडला प्रॅट साहेबांनी. उरलेल्या घरांसाठी पॅनेल, बॅटरी, सभागृहासाठी मोठी बॅटरी. आणि सगळं बसून वर्षभर चालल्याखेरीज बारीक तार काढायची नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झालं.

बारीक तार काढली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. वायरमनांची गाडी रस्त्याच्या शेवटी उभी होती. राहिलेली माणसं आपापल्या जिन्यांवर बसून बघत होती. घरं सगळी उंच खांबांवर, वर निळी पॅनेलं. रेमंड आता गावच्या बॅटऱ्यांची देखभाल करी. पट्ट्याला पाने-पकडी लावून तो वायरमनांशेजारी पोक्त चेहऱ्यानं उभा होता. "नीट गुंडाळा रे," तो त्यांना म्हणत होता, "जुनी बाई आहे, मानानं जाऊ दे."

इर्मा मावशीनं एल्विनला वर बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती स्वयंपाकघरात फ्रिजजवळ खुर्ची टाकून बसली होती आणि एक हात तिनं फ्रिजच्या दारावर ठेवला होता.

"कधी तोडणार?" तिनं विचारलं.

एल्विननं खिडकीतून पाहिलं. गाडीच्या उंच पाळण्यातल्या वायरमननं खूण केली आणि तार सैल होऊन पाण्यावर आली. "तोडली," तो म्हणाला.

मावशीनं डोळे मिटले. फ्रिज गुरगुरत राहिला. छताचा पंखा फिरत होता. तिनं हात काढला नाही; बाजूच्या खोलीत, क्लोविसच्या पलंगापाशी, एक विजेचा दिवा लावून ठेवलेला होता, तिकडे तिनं मान वळवून पाहिलं. तोही जळत होता.

"चालू आहे," ती म्हणाली.

"हो मावशी."

"चालूच राहतं हे? रात्रीही?"

"रात्रीही."

तिचा चेहरा हळूहळू पिळवटत गेला आणि ती रडू लागली. क्लोविसच्या अंत्ययात्रेत ती रडली नव्हती. एल्विन तिच्या शेजारीच होता, त्याला ठाऊक होतं.

"मग तेव्हा कुठं होतं रे हे?" ती म्हणाली. "तेव्हा कुठं होतं?"

एल्विननं दुसरी खुर्ची ओढली, तिच्याजवळ बसला आणि तिचा फ्रिजवरचा हात आपल्या हातात घेतला. तिनं तो घेऊ दिला. खाली वायरमनांची गाडी चालू झाली, रस्त्यानं लांब जात राहिली, आणि ऐकू येईनाशी झाली तरी ती दोघं तशीच बसली होती.